दुखत नाही ना?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा नुसता खेळ नसतो, पेठेच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. लहानपणी मी तालमींच्या संघांना अनवाणी खेळताना पाहिलं होतं, गोल झाल्यावर फेटे उडताना पाहिले होते, आणि एवढ्याशा पुंजीवर मी स्वतःला फुटबॉलमधला जाणकार समजत होतो. त्यामुळे साठ-एकसष्टच्या सुमारास डॉक्टरेटसाठी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलो आणि घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "वरच्या खोलीत आमचा आयरिश राहतो, तो श्ट्युर्मर आहे," तेव्हा मी मनातल्या मनात शीळ घातली. श्ट्युर्मर म्हणजे स्ट्रायकर, पुढच्या फळीत उभं राहून गोल मारणारा. मी पोलादी मांड्यांच्या एखाद्या पैलवानाची वाट पाहत बसलो.

संध्याकाळी जिना चढून आला तो तिशीला टेकलेला, विरळ केसांचा, खांद्यात थोडा वाकलेला माणूस. हातात जेवणाचा डबा, अंगाला उकडलेल्या भाजीचा वास. मला वाटलं, नळ दुरुस्त करायला कुणी आलं असेल.

वास शतावरीचा होता. त्या भागात पांढरी शतावरी अमाप पिकते आणि ती डब्यात भरणारे कारखाने गावात होते. आपल्याकडे शतावरी म्हणजे बाळंतिणीच्या कल्पातलं औषध. इथले लोक तीच गड्डीच्या गड्डी उकडून, वर लोणी ओतून खातात, याचं मला बरेच दिवस हसू येई. त्याचा क्लब गावाबाहेरचा, छोटा. असे क्लब खेळाडूला करार देत, पण नुसत्या खेळावर घर चालत नसे, म्हणून शेजारच्या कारखान्यात नोकरीही लावून देत. हा सकाळी सहा ते दोन डब्यांना झाकणं बसवायचा, चारला मैदानावर जायचा आणि रविवारी गोल मारायचा. धंदेवाईक खेळाडूचं हे असलं आयुष्य बघून मी थोडा हिरमुसलो, खरं सांगायचं तर.

पण घरात इंग्रजी बोलणारे आम्ही दोघंच. त्याचं इंग्रजी मला पहिला महिनाभर कळलं नाही आणि माझं पुस्तकी इंग्रजी ऐकून तो मला "प्रोफेसर" म्हणू लागला. माझे खरे प्रोफेसर मला तेव्हा काहीच म्हणत नव्हते, कारण माझे प्रयोग एकामागून एक फसत होते. घरमालकीण साठीची, नवरा लढाईत गेलेला, आवाज खणखणीत. तिचं स्वयंपाकघर हीच आमची शाळा. "आणखी केक नको?" असं ती त्याला दरडावून विचारायची आणि तो बशी पुढे करून ओरडायचा, "डॉख!"

हा शब्द नीट सांगायला हवा, कारण पुढे सगळं रामायण त्याच्यावरून झालं. प्रश्न नकारार्थी असेल आणि तुम्हाला तो खोडून काढायचा असेल, तर जर्मन माणूस "या" म्हणजे "हो" म्हणत नाही, "डॉख" म्हणतो. आपल्या "की"चा तो सख्खा भाऊ. "जेवला नाहीस?" "जेवलो की!" तसा. त्याचं सगळं जर्मन जेमतेम पन्नास शब्दांचं, पण "डॉख"चा हुकमी एक्का त्याने पहिल्याच आठवड्यात हस्तगत केला होता, तोही केकसाठी.

उलट साध्या "हो"ची मात्र त्याला सवय नव्हती. "भूक लागली का?" विचारलं तर तो "लागली" म्हणायचा; "येतोस का?" म्हटलं तर "येतो." एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, माझ्या आजीची जी आयरिश भाषा होती तिच्यात "हो" आणि "नाही" हे शब्दच नाहीत, क्रियापद उचलून परत द्यायचं. मी उडालोच. म्हटलं, अरे, आमच्या घरीही हेच चालतं, "झोपलास का?" "झोपलो!" त्यावर तो इतका हसला की घरमालकिणीने दार वाजवलं. त्या दिवसापासून आमची मैत्री पक्की झाली.

त्याची सगळी कारकीर्द मी ओकर नदीच्या काठाने चालता चालता ऐकली, आणि तीही उलटी. तो कालपासून सुरू करायचा आणि मागे मागे जायचा. जर्मनीला आला, कारण इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन प्रशिक्षकाने त्याला चिखलात दोन गोल मारताना पाहिलं. त्याआधी नऊ वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या एका गावात. तिथले प्रेक्षक शनिवारी खाणीतून थेट मैदानावर येत, काळ्या तोंडांनी. त्याआधी एका मोठ्या, नावाजलेल्या क्लबात दोन वर्षं, पण तिथे बहुतेक वेळ राखीव संघात. त्याआधी सतराव्या वर्षी बोटीत बसला, पुठ्ठ्याची पेटी आणि आईने उकडून दिलेली सहा अंडी घेऊन. समुद्र खवळला आणि सहाही अंडी त्याने दुसऱ्यांना वाटून टाकली. आणि त्याही आधी गल्ली, चिंध्यांचा चेंडू आणि चर्चची भिंत.

आपल्या देशाकडून तो एकदाच खेळला होता. नव्वद मिनिटं पाऊस, आणि चेंडू त्याच्यापर्यंत पोचला तीनदा. तो हिरवा शर्ट त्याच्या पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. मला त्याने तो एकदा दाखवला, हात लावायच्या आधी मात्र मला हात धुवायला लावले.

त्याला खेळताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काहीच कळलं नाही. कोल्हापुरात खेळाडू धावतो, पडतो, उठतो, भांडतो. हा नुसता उभा! दोन राकट बचावपटू याला चिकटलेले आणि हा बसची वाट पाहावी तसा गोलकडे पाठ करून उभा. मी शेजारच्या माणसाला म्हणालो, "हा काही करतच नाही." तो जर्मन आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांबा." सत्तराव्या मिनिटाला चेंडू आला. याने तो थांबवलाच नाही. नुसतं अंग वळवलं, आणि ते दोघं जिथे हा होता तिथेच राहिले. चेंडू जाळ्यात होता आणि हा मोजे वर ओढत होता.

माझा विषय होता घर्षण. यंत्राचे दोन भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून तेलाचा पापुद्रा किती पातळ चालेल, हे मी तीन वर्षं मोजत होतो. हा माणूस तेच अंगाने करत होता. त्या गावात असेपर्यंत मी त्याचे जवळजवळ सगळे सामने पाहिले आणि त्याच्या गोलांपेक्षा मला त्याचे चुकलेले गोल जास्त शिकवून गेले. एकदा रिकामा गोल समोर असताना त्याने चेंडू बाहेर मारला. सगळं मैदान हुर्यो करत होतं. तो परत त्याच जागी जाऊन उभा राहिला, तसाच, मोजे वर ओढून. एक प्रयोग फसला की मी आठवडाभर तोंड लपवून हिंडत असे. त्याला मी विचारलं, "लाज नाही वाटली?" तो म्हणाला, "वाटली. पण पुढचा चेंडू तिथेच येणार होता ना." असं सरळ बोलणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

एका बाबतीत मात्र तो कधीच सरळ बोलला नाही. कुठे लागलं, दुखलं, तर अवाक्षर नाही. बूट काढताना कधी ओठ आवळायचा, तेवढंच. "आमच्या धंद्यात," तो म्हणायचा, "दुखतं म्हणणाऱ्याचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर जातो." हे मला नवीन नव्हतं. आमच्या तालमीतला वस्ताद "दुखतंय" म्हणणाऱ्याला एकच उत्तर द्यायचा, "माती लाव आणि उभा राहा." झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच दोन्हीकडचा कायदा.

आणि मी तरी काय करत होतो? आईची निळी एरोग्रामं, घडी घालून चिकटवायची ती विमानी पत्रं, यायची आणि तिचे सगळे प्रश्न एकाच साच्यातले. "थंडी बाधत नाही ना? जेवणाचे हाल होत नाहीत ना? घरच्या आठवणीने जीव कासावीस होत नाही ना?" मी खाली एका ओळीत लिहायचो, "तुझ्या सर्व प्रश्नांचं उत्तर 'नाही'." एकदा मी त्याला ते पत्र इंग्रजीत करून सांगितलं. "तुझी आई हुशार आहे," तो म्हणाला. "उत्तर प्रश्नातच घालून पाठवते. तुला खोटं बोलायचीसुद्धा तसदी नाही."

त्रेसष्टचा वसंत आला. उन्हाळ्यानंतर सगळ्या देशाची मिळून एकच मोठी लीग सुरू होणार होती आणि तिच्यातले आणि तिच्यात शिरू पाहणारे मोठे क्लब गावोगाव खेळाडू शोधत हिंडत होते. एका बुधवारी तो माझ्या खोलीत आला, दार लावलं आणि पाठ टेकून उभा राहिला. ड्युसेलडॉर्फच्या क्लबाचे दोघेजण येत्या रविवारी त्याला बघायला येणार होते. तिथे गेला असता तर डबे नाहीत, झाकणं नाहीत, नुसता फुटबॉल, आणि भरलेलं स्टेडियम. "एकतीस पूर्ण झाली, प्रोफेसर," तो म्हणाला. "ही माझी शेवटची गाडी." मी त्याला मिठीच मारली. तेव्हा लक्षात आलं की तो दाराला टेकला होता, कारण त्याने सगळा भार डाव्या पायावर घेतला होता.

त्या दिवशीच सरावात कुणीतरी उजव्या गुडघ्यावर येऊन पडलं होतं. प्रशिक्षक म्हणाला, डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय संघात घेणार नाही. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. एकजण लंगडला तर बाकीच्या दहांनी सामना ओढायचा. "तू दुभाष्या म्हणून चल," तो मला म्हणाला. "काही विशेष नाही. गुडघा दुखत नाही, एवढंच सांगायचंय." मी म्हटलं, "दुखतो का?" त्याने क्रियापद उचलून परत दिलं, "दुखत नाही."

डॉक्टर म्हातारे, शिस्तीचे, सोनेरी काड्यांचा चष्मा. हुबेहूब आमचे संस्कृतचे मास्तर. त्यांना बघताच मी खुर्चीत ताठ झालो आणि हात मांडीवर ठेवले. मास्तर चूक झाली की बरोबर रूप सांगत आणि आम्ही ते मोठ्याने परत म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. "रामेन नाही, रामेण!" "रामेण!" सगळी शाळा मी असाच पोपट होतो.

डॉक्टरांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांनी दोन्ही अंगठे गुडघ्यात रुतवले आणि मान वर न करता मला जर्मनमध्ये विचारलं, "हे दुखत नाही का?"

मी इंग्रजीत त्याला विचारलं. तो छताकडे बघत म्हणाला, "दुखत नाही."

आता हे जर्मनमध्ये सांगायचं. सरळ "नाइन" म्हणजे "नाही" म्हटलं असतं तर काम झालं होतं. पण डोक्यात सगळी जुळवाजुळव मराठीत चाललेली. "दुखत नाही ना?" "हो, नाही दुखत." डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे, म्हणून हो. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "या."

डॉक्टरांनी मान वर केली. परदेशी माणसं इथेच चुकतात हे त्यांना ठाऊक असावं. बोट वर करून ते शांतपणे म्हणाले, "नकारार्थी प्रश्नाला 'या' नाही म्हणायचं. 'डॉख' म्हणायचं."

आणि मी, पस्तीस मार्कांनी नव्हे तर पहिल्या वर्गात पास झालेला मी, मास्तरांसमोर म्हणावं तसं खणखणीत म्हणालो, "डॉख!"

"गूट," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले. त्यांनी माझ्या उच्चाराला शाबासकी दिली असंच मला वाटलं.

बाहेर जिन्यात येऊन मी कागद वाचला. सहा आठवडे खेळायचं नाही. मी दोनदा वाचला आणि मग पायाखालची जमीन सरकली. दुखत नाही का? दुखतं की! हे मी म्हणालो होतो, माझ्या तोंडाने, डॉक्टरांनी शब्द सुधारून दिल्यावर. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोसुद्धा दुसऱ्याच्या शेवटच्या संधीवर उडी मारणारा. मी त्याला भडाभडा सगळं सांगितलं आणि परत वर पळणार, तेवढ्यात त्याने माझी बाही पकडली.

"राहू दे, प्रोफेसर."

"अरे, पण चूक माझी आहे! मी आत जाऊन सांगतो."

"त्यांनी लिहिलंय. आता राहू दे."

तो कठडा धरून एकेक पायरी जपून उतरला, आणि खालच्या पायरीवर थोडा वेळ बसला. माणूस किती खचला आहे, असं मला वाटलं. आत तो काहीच का बोलला नाही, हा प्रश्न मला पडला नाही. दोन जर्मन वाक्यं भराभर इकडून तिकडे गेली, त्याला कुठून कळणार, असं मी धरून चाललो.

रविवारी ड्युसेलडॉर्फचे ते दोघे आले. लांब कोट, टोप्या, हातात वही. तो दोरीपाशी माझ्या शेजारी उभा होता, साध्या कपड्यांत. मध्यंतरात ते घड्याळ बघून निघून गेले. तो शेवटपर्यंत थांबला आणि हरलेल्या सोबत्यांच्या पाठी थोपटून आला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. त्याने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. पण घरी येताना तो मला कारखान्यातल्या कुणा बाईची नक्कल करून दाखवत होता.

त्यानंतर मी त्याला टाळू लागलो. स्वयंपाकघरात तो असेल तेव्हा मी जायचो नाही, खोलीतच पाव खायचो. आणि त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे माझा चक्का बंद झाला. जर्मन लोकांचा क्वार्क म्हणून एक प्रकार असतो, तो आपला चक्काच. साखर आणि वेलदोडा घालून मी दर रविवारी त्याचं श्रीखंड करायचो. घरमालकीण माझ्यासाठीही आणून ठेवायची. त्या सहा आठवड्यांत बघावं तेव्हा भांडं रिकामं. विचारलं तर म्हणाली, "लागला." कशाला लागला, तर उत्तर नाही. मी समजलो, ही बाईसुद्धा माझ्यावर रागावली आहे.

शरद ऋतूत तो पुन्हा खेळायला लागला. मोठी लीग त्याच्याशिवाय सुरू झाली होती. तो त्याच छोट्या मैदानावर, त्याच जागी, गोलकडे पाठ करून उभा राहायचा, आणि मी म्हणतो म्हणून नव्हे, पण पुढची चार वर्षं त्याने जे काही केलं ते डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. आता तो आणखी कमी धावायचा आणि आणखी अचूक असायचा. आसपासच्या गावांतून सायकली घेऊन लोक येत. कारखान्याने त्याला झाकणांवरून काढून हिशोबनिसाच्या शेजारी बसवलं, पण त्याला तिथे करमेना, तो आपण होऊन झाकणांवर परत गेला. प्रत्येक गोलानंतर लोक टोप्या उडवायचे आणि मला वाटायचं, हे सगळं ड्युसेलडॉर्फच्या भरल्या स्टेडियमात व्हायला हवं होतं. एका पोपटाने ते घालवलं.

नशिबाची थट्टा अशी की चौसष्टात डॉक्टरेट मिळाली आणि मला नोकरी लागली ती ड्युसेलडॉर्फमध्येच. जायचं होतं त्याला, गेलो मी. निरोप घेताना मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. पुढचे त्याचे गोल मला घरमालकिणीच्या पत्रांतून कळत.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात घरमालकिणीचं पत्र आलं. तो शेवटचा सामना खेळणार होता. मी सकाळची गाडी पकडून गेलो. अग्निशमन दलाचा बँड वाजत होता, गळ्यात हार, आणि कारखान्याने त्याचं चित्र लेबलवर छापलेला शतावरीचा भला मोठा डबा भेट दिला. सामन्यात त्याने एक गोल मारला, तोही डोक्याने, नंतर मोजे वर ओढले. ओढताना कुणीतरी पहिल्यांदा हसलं आणि मग सगळं मैदान हसत हसत रडलं. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आम्ही तिघं त्याच स्वयंपाकघरात बसलो. प्लमचा केक होता. चार वर्षं मनात दाबून ठेवलेलं मी अखेर बाहेर काढलं. म्हटलं, "त्या दिवशी डॉक्टरांपुढे मी डॉख म्हणालो नसतो तर आज तू कुठे असतास. मला माफ कर."

त्याने काटा खाली ठेवला. "मी ऐकलं होतं, प्रोफेसर."

"काय ऐकलं होतंस?"

"डॉख. तो शब्द मी याच टेबलावर शिकलो, तू या घरात यायच्या आधी. मला कळला नसता होय?"

"मग बोलला का नाहीस? नुसतं नाइन म्हणायचं होतंस!"

"कारण दुखत होतं," तो म्हणाला. "इतकं दुखत होतं की मला जिना उतरता येईना. रविवारी खेळलो असतो तर त्या दोघांनी मला स्ट्रेचरवर बघितलं असतं, आणि तेच शेवटचं. हे मला माहीत होतं. पण सतरा वर्षांचा असल्यापासून एकदाही दुखतं म्हणालो नव्हतो, प्रोफेसर. तोंडच उघडेना. आणि तू शाळेतल्या पोरासारखा ताठ बसून माझ्या वतीने खणखणीत सांगून टाकलंस. मी मनात म्हटलं, देवा, आता याने परत नाइन म्हणू नये."

घरमालकीण कॉफी ओतता ओतता म्हणाली, "आणि सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ त्या गुडघ्यावर गार क्वार्कच्या पट्ट्या मी बांधल्या. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती ह्याने. तुम्ही आपले भांडं उघडून उसासे टाकत होतात."

म्हणजे माझं श्रीखंड त्याच्या गुडघ्यात गेलं होतं. मी हसायला लागलो आणि मग ते हसणं आवरेना. चार वर्षं मी या माणसाचा अपराधी म्हणून जगलो होतो. "अरे, मला सांगायचं तरी!" मी म्हणालो. "सांगितलं असतं तर," तो म्हणाला, "दुखत होतं हेही सांगावं लागलं असतं." मला त्याचा रागही आला आणि त्याला जवळ ओढून घ्यावंसंही वाटलं. दुसरं मी केलं.

ड्युसेलडॉर्फला परत आलो तर आईचं एरोग्राम येऊन पडलं होतं. त्याच ओळी. "तिकडे घरच्या आठवणीने जीव कासावीस होत नाही ना?" मी पेन उचललं आणि सवयीने "तुझ्या सर्व" इथपर्यंत लिहिलं. मग ते खोडून लिहिलं, "होतो की." आणि सगळं लिहून काढलं, फसलेले प्रयोग, खोलीत एकट्याने खाल्लेला पाव, आणि या आयरिशाची, त्याच्या गुडघ्याची नि माझ्या डॉखची गोष्ट. एरोग्रामला जागा पुरली नाही म्हणून कडेने आडवं लिहिलं.

पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं. "बाळ, आमचाही होतो की. सहा वर्षं मी तू कधी लिहितोस याची वाट बघत होते." खाली वडिलांच्या दम्याबद्दल खरं खरं लिहिलं होतं, जे आजवर मला कुणी कळवलं नव्हतं. आणि अगदी शेवटी, जेमतेम मावेल अशा बारीक अक्षरात, "त्या बिचाऱ्याचा गुडघा आता दुखत नाही ना? त्याला विचारून मला कळव."

पुढच्या रविवारी मी पुन्हा ब्राउनश्वाइगला गेलो. तो त्याच क्लबच्या मैदानावर चुन्याने रेघा मारत होता. आता ते काम त्याच्याकडे होतं. मी म्हटलं, माझ्या आईने कोल्हापूरहून तुला एक प्रश्न विचारलाय, आणि तो मी मुद्दाम जर्मनमध्ये विचारला, तिने विचारला होता तसाच, नकारासकट.

त्याने बादली खाली ठेवली. उजवा पाय सरळ केला, हळूच वाकवून पाहिला. ओठ आवळले, मग मोकळे सोडले.

"डॉख," तो म्हणाला.